अर्जाची पावती म्हणजे मुदतवाढ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आई-वडिलांचा मुक्काम सहा महिन्यांपुढे न्यायचा झाला, की एक सल्ला सर्रास दिला जातो: "अर्ज टाकून ठेवा. निकाल यायला काही महिने लागतात, तोवर निवांत राहता येतं." पुणे-मुंबईतले एजंट हेच सांगतात, तिकडची मित्रमंडळीही हेच सांगतात. सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. वेळेत अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत राहणे बेकायदा धरले जात नाही, हे खरे. पण अर्ज नामंजूर झाला तर त्या 'निवांत' महिन्यांचा आधार एका दिवसात जातो. पूर्वी अशा वेळी चटकन परत निघाले की प्रकरण बहुधा तिथेच मिटायचे. फेब्रुवारी २०२५ मधल्या धोरणबदलानंतर अर्ज नामंजूर झाला आणि मूळ मुदत आधीच संपलेली असली, तर थेट इमिग्रेशन न्यायालयात हजर राहण्याची नोटीस निघू शकते. सत्तरीतल्या माणसांवर ही वेळ येऊ नये, यासाठी हे सविस्तर पत्र.

सुरुवात तारखेपासून करावी लागते, कारण घोटाळा बहुतेकदा तिथेच होतो. पासपोर्टवरचा अमेरिकेचा बी-१/बी-२ (व्यवसायभेट/पर्यटन) व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा असतो. ही दहा वर्षे विमानतळापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची आहेत. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत जाते. बी-२ वर बहुधा सहा महिने मिळतात. १० जूनला उतरलात तर आय-९४ वर ९ डिसेंबर येईल. ही नोंद सीमाशुल्क व सीमासंरक्षण खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक घालून फुकट पाहता येते. विमानाने येणाऱ्यांना पांढरे छापील कार्ड देणे २०१३ मध्येच बंद झाले आणि आता कित्येक विमानतळांवर पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. त्यामुळे घरी पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आय-९४ काढून छापून ठेवावा. नवरा-बायको दोघांचा वेगवेगळा काढावा. दोघांची तारीख एकच असेल असे गृहीत धरू नये.

त्या कागदावर तीन गोष्टी पाहायच्या. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, वर्ग बी-२ लिहिला आहे की चुकून बी-१, आणि शेवटची तारीख काय आहे. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर अधिकारी सहा महिन्यांऐवजी पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुदत देऊ शकतो आणि हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. चूक खात्याची असेल तर ती दुरुस्त करायला सीबीपीची 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालये आहेत. तिथे पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि आय-९४ ची प्रत घेऊन जावे लागते. मुदतवाढीचा अर्ज हा त्या दुरुस्तीचा मार्ग नाही.

आणखी एक समजूत फार पसरलेली आहे: नायगारा पाहताना कॅनडाच्या बाजूला एक रात्र काढून परत आले की नवे सहा महिने मिळतात. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलेल्याला बहुधा जुन्याच आय-९४ च्या मुदतीवर आत घेतात. कॅनडात शिरायला भारतीयांना वेगळा व्हिसा लागतो तो निराळाच. मुक्काम वाढवण्यासाठी ही वाट धरू नये.

आता कारण. अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवेला, म्हणजे यूएससीआयएसला, मुदतवाढ देण्याचे बंधन नाही. ती देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. वयोवृद्ध आई पडली आणि खुब्याचे हाड मोडले, लेकीचे बाळंतपण अपेक्षेपेक्षा अवघड झाले, सहा महिन्यांनंतर दोन आठवड्यांवर नातवाची मुंज किंवा मुलाचे लग्न आहे, अशी कारणे समजण्यासारखी असतात, कारण त्यांना शेवट असतो. "अजून थोडे दिवस राहावेसे वाटते" हे कारण बेकायदा नाही, पण अशक्त आहे.

नातवंडे सांभाळण्याबद्दल स्पष्टच लिहितो. बी-२ हा फिरणे, नातलगांना भेटणे आणि उपचार यांसाठीचा व्हिसा आहे, त्यावर काम करता येत नाही. नातवाला मांडीवर घेणे हे काम नव्हे हे कुणीही मान्य करील. पण "मुलगा-सून दोघे नोकरीला जातात, पाळणाघर परवडत नाही, म्हणून आम्हाला आणखी सहा महिने राहू द्या" असे अर्जात लिहिले, की अधिकाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही पगारी आयाच्या जागी उभे राहता. यावर काही एजंट खोटे कारण लिहून देतात, आणि तो मूळ चुकीपेक्षाही मोठा अपराध आहे. खोटे निवेदन सापडले तर पुढचा प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. खरे कारण जर रोजचे मूल सांभाळणे हेच असेल, तर मुदतवाढ मागूच नये. ठरल्या दिवशी परत यावे आणि मुलांनी तिथे दुसरी सोय पाहावी.

कारण पक्के असेल तर तारखा मांडाव्यात. यूएससीआयएस खाते सांगते की मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करावा. ९ डिसेंबरची मुदत असेल तर २५ ऑक्टोबरच्या आसपास अर्ज गेलेला हवा. कायद्याने शेवटचा दिवस ९ डिसेंबरच आहे, पण त्या दिवशी अर्ज खात्याच्या हाती पोचलेला असावा लागतो. टपालात टाकलेली तारीख धरत नाहीत. उशीर झालाच तर तो आपल्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने झाला हे कागदाने दाखवावे लागते, आणि तरीही तो माफ होईलच असे नाही. दुसऱ्या टोकाला, उतरल्यावर महिनाभरातच अर्ज करणेही बरे दिसत नाही. विमानतळावर तीन महिने सांगून आत आलेल्या माणसाने तिसाव्या दिवशी वर्षभराचा विचार मांडला, तर पहिले बोलणे खरे होते का असा प्रश्न उभा राहतो.

किती दिवस मागायचे? एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मागता येतात, म्हणून सगळे सहा मागतात. हे टाळावे. डॉक्टरांनी जानेवारीअखेरपर्यंत विमानप्रवास करू नका म्हटले असेल तर १५ फेब्रुवारीपर्यंत मागावे. मागणी कारणाला जुळणारी असली की अधिकाऱ्याला ती पटते. आणि मागितलेली तारीख ही आपल्यासाठी लक्ष्मणरेषा समजावी. निकाल आला नाही तरी त्या तारखेपर्यंत परत निघायचे.

अर्जाचा नमुना 'आय-५३९'. ऑनलाइन भरला तर शुल्क ४२० डॉलर, कागदावर ४७० डॉलर. हे दर १ एप्रिल २०२४ पासूनचे आहेत, भरायच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत. बोटांच्या ठशांचे वेगळे ८५ डॉलर १ ऑक्टोबर २०२३ पासून घेत नाहीत. जुन्या माहितीवर चालणारे एजंट अजूनही ते जोडून सांगतात. नवरा-बायको दोघांचा अर्ज एकत्र करता येतो: एक मुख्य अर्जदार, दुसऱ्यासाठी 'आय-५३९ए' ही पुरवणी, आणि शुल्क एकच. भाऊ-बहीण किंवा विहीण-व्याही एकत्र आलेले असले तरी त्यांचे अर्ज वेगळे. जादा पैसे भरून निकाल लवकर मिळवण्याची सोय बी-२ च्या मुदतवाढीला नाही. ती करून देतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

ऑनलाइन भरणे सर्वांत बरे, कारण पावती लगेच मिळते. कागदी अर्ज परत येण्याची कारणे क्षुल्लक असतात: नमुन्याची जुनी आवृत्ती (प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते), एखाद्या जागी राहिलेली सही, पुरवणीवर पत्नीऐवजी पतीनेच केलेली सही, शुल्क चुकीच्या पद्धतीने भरणे. ऑक्टोबर २०२५ अखेरपासून कागदी अर्जासोबतचे चेक घेणे बंद झाले आहे. कार्डाने किंवा अमेरिकी बँकखात्यातून, त्यासाठीचा वेगळा नमुना जोडून पैसे द्यावे लागतात. परत आलेला अर्ज 'केला' असे धरत नाहीत. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत मुदत उलटली, तर आधीची तारीख उपयोगी पडत नाही.

भरताना आपल्याकडच्या नावांची अडचण हमखास येते. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात असते आणि आडनाव दुसऱ्या. अमेरिकी नमुन्यात तीन रकाने असतात. आय-९४ वर जसे छापले आहे तसेच भरावे. तिथे दोन्ही नावे पहिल्या रकान्यात असतील तर अर्जातही तिथेच ठेवावीत आणि मधला रकाना मोकळा सोडावा. तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस: ०५/०३ म्हणजे ३ मे, ५ मार्च नव्हे. मुलाने किंवा जावयाने अर्ज भरून दिला असेल तर 'अर्ज तयार करणारा' या भागात त्याचे नाव गेले पाहिजे. आईला इंग्रजी वाचता येत नसेल आणि कोणी मराठीत समजावून सांगितले असेल तर दुभाष्याचा भागही भरायचा असतो. हे भाग बहुतेक लोक रिकामे सोडतात.

खरे वजन असते सोबतच्या पत्राला. त्यात खात्याला तीन गोष्टी हव्या असतात: जास्त का राहायचे आहे, हा मुक्काम तात्पुरताच आहे आणि परतायची काय व्यवस्था केली आहे, आणि इतके दिवस बाहेर राहिल्याने भारतातल्या नोकरीवर वा वास्तव्यावर काय परिणाम होईल. एक पान पुरते. "अमुक तारखेला पडून उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सकांनी अमुक तारखेपर्यंत लांबचा विमानप्रवास करू नये असे लिहून दिले आहे, पत्र जोडले आहे. १३ फेब्रुवारीचे परतीचे तिकीट घेतले आहे. पुण्यात स्वतःचे घर आहे, दुसरा मुलगा तिथेच राहतो. मी निवृत्त आहे, पेन्शन दरमहा बँकेत जमा होते." इतके सरळ लिहावे. अमेरिकेचे कौतुक, नातवंडांच्या बाललीला, मुलाच्या कंपनीचे नाव यांची तिथे गरज नसते.

डॉक्टरांच्या पत्रात निदान, उपचार आणि प्रवासाला मनाई कुठल्या तारखेपर्यंत हे तिन्ही हवे. "पेशंट अंडर ट्रीटमेंट" एवढ्या ओळीने काम होत नाही आणि खात्याकडून जादा पुराव्याची मागणी येते. तिकीट मात्र तारीख बदलता येईल असे घ्यावे. बहुतेक तिकिटांना बदलासाठी दंड आणि भाड्यातला फरक असे दोन्ही भरावे लागते, आणि मूळ तिकिटाचे वर्ष उलटत नाही ना तेही पाहावे.

पैशांसाठी स्वतःच्या बँकखात्याचे उतारे द्यावेत. खर्च मुलगा करत असेल तर त्याचे 'आय-१३४' हे आर्थिक आधाराचे निवेदन, सोबत त्याच्या पगाराच्या पावत्या व खाते-उतारे. घरदाराच्या पुराव्यासाठी आपल्याकडे कागद भरपूर असतात, पण ते मराठीत असतात आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. सात-बारा उतारा, महापालिकेची घरपट्टीची पावती, सोसायटीचा दाखला हे जसेच्या तसे जोडले तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते कोरे कागदच. प्रत्येकासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे आणि खाली भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायला हवे, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नोटरीची सक्ती नाही. भाषांतर करणारा दोन्ही भाषा जाणणारा कोणीही चालतो, तरी अर्जदाराने स्वतः करू नये हे बरे. सात-बाऱ्यातल्या सगळ्या रकान्यांचे भाषांतर करण्यापेक्षा एकच इंग्रजीतला कागद, जसे पेन्शनचा आदेश किंवा आयकर विवरणाची पोच, जोडणे सोपे पडते. जुन्या पद्धतीचे जाडजूड बाड पाठवू नये. सहा-सात नेमके कागद पुरेसे होतात. पासपोर्ट मात्र मागितलेल्या मुदतीपर्यंत चालू असलाच पाहिजे. नसेल तर भारतीय वकिलातीमार्फत त्याचे नूतनीकरण आधी करून घ्यावे लागते आणि त्यालाही काही आठवडे जातात.

अर्ज पोचला की 'आय-७९७सी' ही पावती येते. तिच्यावर कुठेही "मुदत वाढली" असे लिहिलेले नसते. तिचा अर्थ एवढाच, की तुम्ही वेळेत अर्ज केला आणि निकाल बाकी आहे. आय-९४ ची तारीख गेल्यावर या पावतीच्या आधाराने तुम्ही राहत असता. निकाल होकारार्थी आला तर सगळे मागच्या तारखेपासून नीट जोडले जाते. नकार आला तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. असे १८० दिवसांहून अधिक झाले तर परत गेल्यावर तीन वर्षे प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा अधिक झाले तर दहा वर्षे. अर्ज न करताच आय-९४ ची मुदत ओलांडली तर एका दिवसानेही दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो आणि भारतात परतल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. नकारावर अपील नाही. फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला शुल्क पडते आणि तो केल्याने राहण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून नकाराचे पत्र आले की पहिले मिळेल ते विमान.

निकालाआधीच काम आटोपले तर खुशाल परत यावे, अर्ज आपोआप निरर्थक ठरतो, पैसे परत मिळत नाहीत. अशा वेळी पावतीची प्रत, बोर्डिंग पास आणि मुंबईला उतरल्याचा भारतीय इमिग्रेशनचा शिक्का जपून ठेवावा. मुदतीनंतरही आपण कायदेशीर का होतो, हे पुढच्या वेळी याच कागदांनी सांगता येते.

अर्ज चालू असताना पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आत 'एआर-११' ऑनलाइन भरायचा असतो. न्यू जर्सीतल्या मुलाकडून टेक्सासमधल्या लेकीकडे महिनाभर राहायला गेलेले आई-वडील हे करत नाहीत, आणि मग ठशांसाठीचे बोलावणे किंवा जादा पुराव्याची मागणी जुन्या पत्त्यावर पडून राहते. त्या मागणीला उत्तराची ठरलेली तारीख असते. ती चुकली की अर्ज सोडून दिला असे धरून नाकारतात. टपाल खाते नव्या पत्त्यावर पाठवील यावर विसंबू नये. ऑनलाइन खात्यात दर आठवड्याला डोकावावे. तसेच एप्रिल २०२५ पासून नोंदणीचा नियम कडक झाला आहे: १८ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवायचा असतो. पर्यटकासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४. त्याची छापील प्रत आणि मुदत संपल्यावर सोबत पावतीची प्रत, ही संध्याकाळच्या फेरीला निघतानाही खिशात असावी.

मंजुरी आली तर 'आय-७९७ए' येतो आणि त्याच्या खालच्या भागात नवा आय-९४ छापलेला असतो. सीबीपीच्या संकेतस्थळावर मात्र पुष्कळदा जुनीच तारीख दिसत राहते. घाबरायचे कारण नाही, कागदावरची नवी तारीख खरी. पण म्हणूनच तो कागद हरवू देऊ नये.

आता मुक्काम वाढल्यावर मागून येणाऱ्या गोष्टी, ज्यांचा विचार अर्ज करताना कोणीच करत नाही.

पहिली, विमा. आपल्याकडून काढलेली प्रवासविम्याची पॉलिसी बहुधा १८० दिवसांची असते. ती संपण्याआधीच वाढवून घ्यावी लागते, आणि मधे एखादा दावा झाला असेल तर कंपनी नकार देऊ शकते. तिथे नवी पॉलिसी घेतली तर रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार तिच्यात कितपत येतात हे शब्दशः वाचावे. कित्येक पॉलिसींत त्यांचा केवळ अचानक भडका उडाला तरच खर्च मिळतो, तोही वयानुसार मर्यादेत. औषधे सहा महिन्यांची नेलेली असतात. पुण्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिकडचा दुकानदार औषध देत नाही, तिथल्या डॉक्टरांची लागते. मुदतवाढ ठरली की त्याच आठवड्यात गोळ्या मोजाव्यात.

दुसरी गोष्ट अमेरिकी आयकर, आणि हा विषय जवळजवळ कोणालाच ठाऊक नसतो. चालू कॅलेंडर वर्षातले दिवस, अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्यामागच्या वर्षाचा सहावा हिस्सा: ही बेरीज १८३ किंवा जास्त झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस तिथे काढले असतील, तर करापुरते तुम्ही अमेरिकेचे रहिवासी धरले जाता. व्हिसा पर्यटकाचा असला तरी. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजतात. १० जूनला उतरून ९ डिसेंबरला निघालेल्याचे दिवस नेमके १८३ भरतात. फेब्रुवारीपर्यंत थांबलेल्याचे त्या वर्षात २०५. मग भारतातली पेन्शन, मुदतठेवींचे व्याज, घरभाडे हे सगळे तिकडच्या विवरणात दाखवण्याचा प्रश्न येतो आणि भारतातल्या खात्यांची एकत्रित शिल्लक १० हजार डॉलरच्या वर गेली असेल तर त्या खात्यांची माहिती वेगळी कळवावी लागते. वाटा आहेत. चालू वर्षातले दिवस १८३ च्या आत असतील आणि बेरजेमुळेच अडकला असाल, तर 'नमुना ८८४०' भरून आपले खरे नाते भारताशी आहे हे सांगता येते. तिथे असताना उद्भवलेल्या आजाराने निघणे अशक्य झाले असेल, तर ते दिवस 'नमुना ८८४३' भरून वगळता येतात; त्यासाठीही डॉक्टरांचे तेच पत्र लागते. याखेरीज भारत-अमेरिका करारातली कायम घर कुठे आहे ही कसोटी आहे. ज्यांचे दिवस सीमेवर आहेत त्यांनी तिथल्या कर सल्लागाराला एकदा विचारावे, कारण दोन-चार दिवस आधी निघाल्याने सारा व्याप टळू शकतो.

तिसरी गोष्ट घरची. पेन्शनरांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो (केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून मुभा आहे). जूनमध्ये गेलेल्याने डिसेंबरात परतायचे ठरवलेले असते, तेव्हा नोव्हेंबर मधेच येतो, आणि मुदतवाढ झाली की पेन्शन थांबल्याचे फेब्रुवारीत कळते. भारतीय वकिलातीकडून हा दाखला मिळतो. वेळ अगोदर घ्यावी आणि आपली बँक वा कोषागार कुठल्या स्वरूपात तो स्वीकारते हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. तसेच बँकेचे ओटीपी ज्या भारतीय सिमवर येतात त्याचे रिचार्ज संपू देऊ नये, नाहीतर स्वतःच्याच पैशांना हात लावता येत नाही.

अमेरिकेचा हा हिशोब दुसऱ्या देशांना लावू नये. युरोपच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा आहे आणि ती फक्त गंभीर आजार, विमाने बंद पडणे अशा कारणांनीच वाढते. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर सहा महिन्यांपुढे साधारणपणे राहता येत नाही. कॅनडात मात्र मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी १०० कॅनेडियन डॉलर भरून 'व्हिजिटर रेकॉर्ड' मागता येतो, आणि आई-वडील, आजी-आजोबांसाठीच्या सुपर व्हिसावर तर एका प्रवेशात पाच वर्षे राहता येते. मुले कॅनडात असतील तर आधी हाच पर्याय पाहावा.

एक मुद्दा पुढच्या फेरीचा. एका वेळी आठ-नऊ महिने राहून आलेल्या माणसाने चार महिन्यांत पुन्हा विमान धरले, तर विमानतळावर "तुम्ही नेमके राहता कुठे?" हा प्रश्न येणारच. दोन मुक्कामांत किती अंतर हवे याचा लेखी नियम नाही. जितके दिवस तिकडे काढले निदान तितके तरी इकडे काढावेत, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो. मंजुरीचा आय-७९७ए, डॉक्टरांचे पत्र, रुग्णालयाची बिले भागवल्याच्या पावत्या आणि वेळेत निघाल्याचा बोर्डिंग पास हे हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानात टाकलेले कागद त्या खिडकीशी उपयोगाचे नसतात, कारण सामान तपासणीच्या पलीकडे मिळते.

आपले,
परदेशी निघालेल्या ज्येष्ठांची कागदपत्रे पाहून देणारे काही वाचक,
पुणे